खरखरणाऱ्या बटणाला औषध कोणते?



जानेवारी महिन्यात नंदुरबार शहराच्या बाहेर एक फेरी मारून पाहा. मोकळी मैदानेच्या मैदाने लालभडक झालेली दिसतील. ही मिरचीची पथारी. बाजारात आलेली ओली लाल मिरची व्यापारी इथे उन्हात पसरून वाळवतात. वारा सुटला की तिचा बारीक कोंडा हवेत उडतो. नव्याने आलेल्या पाहुण्याला ठसका लागतो, शिंकांवर शिंका येतात. गावकऱ्यांना मात्र सवय झालेली असते.

हा कोंडा आणखीही एके ठिकाणी जाऊन बसतो. २६ जानेवारी तोंडावर आलेली असते. शाळेच्या कपाटातून ध्वनिवर्धक, म्हणजे आपला अँप्लिफायर, बाहेर निघतो. गुरुजी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आवाजाचे बटण जरासे फिरवतात आणि कर्ण्यातून ‘खर्र... खट्... खर्र’ असा आवाज येतो. पुन्हा फिरवावे तर आवाज मध्येच गडप होतो.

मग सल्ल्यांना तोटा नसतो. शिपाईमामा म्हणतात, “दोन थेंब पेट्रोल सोडा, लगेच मोकळे होईल.” कुणाला रॉकेल आठवते. नववीतला एक मुलगा करोनाच्या साथीपासून उरलेली सॅनिटायझरची बाटली शोधून आणतो. एक मुलगी घरून नेलपॉलिश काढायचे द्रावण आणते. आणि कुणीतरी सुताराकडचा पॉलिशपेपर घेऊन तयारच असतो. हे सगळे उपाय ‘साफ’ करणारे आहेत यात शंका नाही. पण यातला एक बटणाला थोडे दिवस बरे करील, एक त्याला कायमचे मारील आणि एखादा तर शाळेचे कपाटही पेटवील! कोणता काय करील, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी आधी बटणाच्या पोटात डोकावू. आत घोड्याच्या नालासारखी वाकवलेली एक काळी पट्टी असते. ती कार्बनची. तिच्यावरून धातूचे एक लवचीक बोट सरकते. बोट पट्टीवर जिथे टेकते तिथून वीज पुढे जाते. जिथे वीज एका वस्तूतून दुसरीत नुसत्या टेकण्याने जाते, अशा जागेला ‘संपर्क’ म्हणतात. बॅटरीतल्या सेलचे टोक आणि पत्र्याची स्प्रिंग हा संपर्क. दिव्याचे बटण, हेडफोनची पिन, रिमोटची कळ, मोबाइलच्या चार्जरचे टोक हेही संपर्कच.

दोन धातूंचे तुकडे घट्ट दाबून धरले की ते सगळीकडून टेकले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. गुळगुळीत दिसणारा पितळेचा पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर डोंगर आणि दऱ्या दिसतात. कल्पना करा, आपला सातपुडा उचलून उलटा केला आणि दुसऱ्या एका सातपुड्यावर ठेवला. काय होईल? तोरणमाळसारखी मोजकी उंच माथी एकमेकांना भिडतील आणि बाकी सारा मुलूख अधांतरी राहील. संपर्काचे तसेच आहे. सारी वीज त्या मोजक्या माथ्यांवरून जाते. रॅग्नार होल्म या स्वीडिश संशोधकाने विद्युत-संपर्क या एकाच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे, यावरून या एवढ्याशा जागेचे महत्त्व लक्षात येईल.

आता या माथ्यांवर मळाचा नुसता पापुद्रा आला तरी काय होते, त्याचा हिशेब करू. दोन सेलची बॅटरी घ्या. दाब ३ व्होल्ट, प्रवाह ०.३ अँपिअर. मळामुळे संपर्कात २ ओहम रोध आला, तर ओहमच्या नियमाने ०.३ × २ = ०.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. म्हणजे पाचवा हिस्सा वाटेतच गेला! आपण मात्र सेलला नावे ठेवतो आणि नवे सेल आणतो. याच्या उलट टोकाचे उदाहरण इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे. तिथे प्रवाह १० अँपिअर असेल आणि सैल, गंजलेल्या टोकाचा रोध फक्त ०.०५ ओहम असेल, तरी १० × १० × ०.०५ = ५ वॉट उष्णता त्या एका टोकाशी तयार होते. आपली डाग देण्याची साधी कावी (सोल्डरिंग आयर्न) २५ वॉटची असते, तिचा हा पाचवा हिस्सा. टोकावरचे प्लॅस्टिक वितळते ते यामुळेच.

आणि खरखर? बोट मळावरून सरकताना रोध क्षणात वाढतो, क्षणात कमी होतो. त्याबरोबर विद्युतदाबही उड्या मारतो. या उड्या अगदी लहान असतात, पण पुढे ध्वनिवर्धक बसलेलाच आहे. त्याला गाणे कोणते आणि मळ कोणता हे काय ठाऊक! तो दोन्ही सारख्याच निष्ठेने मोठे करून कर्ण्याकडे पाठवतो.

जाता जाता एक गंमत सांगतो. या दोषाचा एकाने उपयोग करून घेतला आहे. १८७८ साली डेव्हिड ह्यूज यांनी दोन खिळ्यांवर तिसरा खिळा नुसता आडवा टेकवला, त्यातून वीज सोडली आणि टेलिफोनच्या श्रवणयंत्राला कान लावला. जवळ झालेला बारीकसा आवाजही त्यात ऐकू आला. हवेच्या कंपनाने खिळ्यांचा सैल संपर्क हलत होता आणि रोध बदलत होता. सुरुवातीच्या मायक्रोफोनांचे मूळ या सैल संपर्कात आहे. दीड व्होल्टचा एक सेल, तीन खिळे आणि जुना इअरफोन एकापुढे एक जोडून तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. इअरफोन कानापासून जरा दूर धरा म्हणजे झाले.

असो. आता मळाकडे वळू. औषध शोधण्याआधी वैद्य नाडी पाहतो. आपल्याकडे मात्र आधी बाटली शोधतात आणि मग रोग! मळ एका जातीचा नसतो.

मिरचीच्या कोंड्याचेच घ्या. ती नुसती माती नव्हे. मिरचीत तेल असते, आणि तिचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो ते पाण्यात विरघळत नाही. (म्हणून तर तिखट लागल्यावर पाण्याने तोंड पोळायचे थांबत नाही.) तिचा लाल रंगही तेलातच उतरतो, भाजीवरची तर्री आठवा. म्हणजे हा कोंडा संपर्कावर तेलकट लेप होऊन बसतो आणि त्यात पुढची धूळ अडकते. तो पाण्याने जाणार नाही, अल्कोहोलने जाईल. चुलीच्या धुराचेही तसेच. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर चुलीजवळच्या खांबाला सौरकंदील टांगला असेल तर त्याच्या बटणावर पिवळट, चिकट थर चढतो. तोही अल्कोहोलने निघतो.

दुसरी जात धातूच्या स्वतःच्या रोगाची. पावरा आणि भिल्ल स्त्रियांच्या अंगावरचे चांदीचे ठसठशीत दागिने तुम्ही पाहिले असतील. ते वापरात नसले, नुसते ठेवले, की काळे पडतात. हवेतल्या गंधकयुक्त वायूंची चांदीशी क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते, तो हा काळा थर. रिलेच्या आणि चांगल्या बटणांच्या संपर्कांवर चांदीच असते, तीही अशीच काळवंडते. तांब्यापितळेवर ऑक्साइडचा थर चढतो. हे थर अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, कितीही बाटल्या ओता. इथे हलके घासणेच उपयोगी पडते.

“मग चिंच लावू का? आई तांब्याचा हंडा चिंचेनेच घासते,” असे तुम्ही विचाराल. प्रश्न चांगला आहे. चिंचेतले आम्ल ऑक्साइड विरघळवते हे खरे. पण हंडा नंतर भरपूर पाण्याने धुतला जातो. बटणाच्या पोटातली चिंच कशी धुणार? आत राहिलेले आम्ल धातू खातच राहते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तसा तुमचा संपर्क कळकेल.

तिसरी जात फुटलेल्या सेलची. घड्याळात किंवा रिमोटमध्ये विसरलेला सेल गळतो आणि स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट बुरशी आल्यासारखी दिसते. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: सगळ्या सेलचे गळणे सारखे नसते. आपल्याकडचे स्वस्त सेल जस्त-कार्बनचे असतात, त्यांचे पाणी आम्लधर्मी. महाग ‘अल्कलाइन’ सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, ते दाहक अल्क. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचे पांढरे कार्बोनेट होते, तेही अल्कधर्मीच. ओळखायचे कसे? सेलवरचे नाव वाचावे. नाव पुसले असेल तर हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद किंचित ओला करून त्या पांढऱ्या पुडीला टेकवा. कागद लाल झाला तर अल्क. हळद आणि चुना मिळून कुंकवाचा लाल रंग होतो, तीच ही क्रिया. अल्क असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या काडीने अगदी थोडे लावा; आम्ल असेल तर खाण्याच्या सोड्याचे पाणी. फसफसणे थांबले की स्वच्छ पाण्याची काडी फिरवा आणि शेवटी अल्कोहोलची, म्हणजे ते पाण्याला घेऊन उडून जाईल. हे काम करताना बोटांना आणि डोळ्यांना जपा. हातमोजे असले तर घाला.

आता बाटल्यांची झडती घेऊ.

संपर्कासाठी सर्वांत भरवशाचा द्रव म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्याला ‘आयपीए’ म्हणतात. ते सुमारे ८२ अंश सेल्सिअसला उकळते, पण उघड्यावर भराभर उडून जाते, मागे काही ठेवत नाही आणि बहुतेक प्लॅस्टिकांना दुखवत नाही. ‘९९ टक्के’ असे लिहिलेली बाटली घ्यावी. औषधांच्या दुकानातले ७० टक्क्यांचे मिळते, त्यात उरलेले पाणी असते. जंतू मारायला ते पाणी उपयोगी पडते. आपल्या कामात ते फक्त वाळायला उशीर लावते. अडीनडीला चालेल, मात्र पुरते वाळू द्यायला हवे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मेथिलेटेड स्पिरिटमध्ये विषारी मेथिल अल्कोहोल मिसळलेले असते. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. अशी बाटली पाण्याच्या बाटलीजवळ कधीही ठेवू नका, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर ते कदापि भरू नका.

सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोलच की, असे त्या नववीतल्या मुलाला वाटले. त्याचा तर्क निम्मा बरोबर होता. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते दीड टक्क्याच्या आसपास आहे. अल्कोहोल उडते, ग्लिसरीन मागे राहते, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते. जेल असेल तर त्यात घट्टपणा आणणारा पदार्थही असतो. म्हणजे मिरचीच्या कोंड्यासाठी आपणच डिंक तयार करून ठेवला!

नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणात बहुधा अॅसिटोन असते, थिनरमध्ये असेच तीव्र द्रावक असतात. हे अनेक प्लॅस्टिके विरघळवतात. विद्यार्थी असताना मी एका ट्रान्झिस्टरचे बटण थिनरने धुतले होते. बटण मोकळे झाले, पण थेंब ओघळून काट्यावरच्या पारदर्शक पट्टीवर गेला आणि ती दुधासारखी पांढरी झाली. त्यानंतर त्या रेडिओवर स्टेशन शोधायचे ते अंदाजानेच.

पेट्रोल तेलकटपणा उत्तम काढते, हे कबूल केले पाहिजे. पण त्याची वाफ उणे ४० अंशांच्या सुमारासही ठिणगीने पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. पुष्कळ बटणांच्या पाठीला चालू-बंद करण्याचा स्विच जोडलेला असतो, आणि स्विच म्हटला की बारीक ठिणगी आलीच. म्हणून पेट्रोलचे नाव काढायचे नाही. आयपीएसुद्धा निरुपद्रवी नाही, बरे का. त्याची पेटण्याजोगी वाफ १२ अंशांनाच तयार होऊ लागते. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे लक्षात ठेवा. बाटली नव्हे, झाकणभरच द्रव टेबलावर घ्या, खिडक्या उघडा आणि तापलेली कावी त्या वेळी बंद ठेवा.

रॉकेल उडून जायला फार वेळ लावते आणि तेलकट थर ठेवते. डब्ल्यूडी-४० या प्रसिद्ध फवाऱ्याचेही थोडेफार तसेच. नावातले ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारे, आणि चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले म्हणून ४०. भिजलेल्या यंत्रातून पाणी हटवायला ते छान आहे. पण ते मागे तेल ठेवते आणि तेल धुळीला बोलावते.

एका द्रवाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जुन्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांना विचारा, ते ‘सीटीसी’ची आठवण काढतील. हे कार्बन टेट्राक्लोराइड. पेटत नाही, चटकन उडते, डाग ठेवत नाही. कारागिराला आणखी काय हवे? पण ते श्वासावाटे आणि कातडीवाटे शरीरात जाऊन यकृत बिघडवते. कारखान्यांत छापील मंडले धुवायला याच्याच नात्यातले सीएफसी-११३ वापरत. तेही पेटत नव्हते. त्याच्या निरुपद्रवीपणाबद्दल सर्वांची खात्री होती. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की असे वायू न बदलता वर चढतात आणि तिथे त्यांच्यातला क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडे सीटीसीचा असा वापर बंद झाला. कुणाच्या फळीवर जुनी बाटली अजून असेल तर ती उघडू नका आणि मोरीतही ओतू नका. मोठ्या माणसांना सांगा.

दुकानात ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ नावाचा फवाराही मिळतो. त्यात दोन प्रकार असतात. एक पूर्ण उडून जाणारा, तो पिना आणि छापील मंडलांसाठी. दुसरा किंचित वंगण मागे ठेवणारा, तो सरकत्या बटणांसाठी, म्हणजे बोट पट्टीला खरवडत नाही. डब्यावरची बारीक अक्षरे वाचून मगच पैसे द्या.

वाचून विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. आरशाचा किंवा काचेचा स्वच्छ तुकडा घ्या. त्यावर बोअरिंगचे पाणी, सॅनिटायझर, ७० टक्क्यांचे आणि ९९ टक्क्यांचे आयपीए यांचा एकेक थेंब ठेवा. सावलीत वाळू द्या आणि काच तिरपी धरून उजेडात पाहा. जिथे कडे किंवा डाग राहिला, तोच डाग संपर्कावरही राहणार आहे. पाण्याचे पांढरे कडे म्हणजे त्यातले क्षार. द्रव प्लॅस्टिकला खातो का, हे पाहायला खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात एक थेंब लावून दहा मिनिटे थांबा.

घासण्याबद्दल आता दोनच गोष्टी. पॉलिशपेपर कार्बनच्या पट्टीवर चालवला तर पट्टीच जाईल. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांवर तर नकोच. तो मुलामा बहुधा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. अशा पिनांना आयपीए पुरे. साध्या तांब्याच्या पट्टीला पेन्सिलीचे मऊ खोडरबर चालते. रिलेच्या काळवंडलेल्या संपर्कांमध्ये पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची पट्टी आयपीएत भिजवून घाला, संपर्क बोटाने हलके मिटवा आणि पट्टी ओढून काढा. काळी रेघ उमटत नाही तोवर नवी पट्टी घेऊन असेच करत राहा.

तर मग आपले खरखरणारे बटण. ध्वनिवर्धक २३० व्होल्टवर चालतो. त्याची पिन भिंतीतून काढा. आतल्या धारित्रांत (कपॅसिटर) वीज साठून राहते, म्हणून खोका तुम्ही उघडू नका. गुरुजींना किंवा माहीतगार दुरुस्तीवाल्याला उघडू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. आधी कोरड्या ब्रशने कोंडा झटका, नाहीतर त्याचा चिखल होऊन आत जाईल. बटणाच्या तीन पायांजवळ एक फट असते, तिच्यातून आयपीएचे चार-पाच थेंब सोडा. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. पुन्हा दोन थेंब, पुन्हा फिरवणे. मग अर्धा तास तसेच राहू द्या.

खरखर गेली आणि आठवडाभरात परत आली, तर मळाला दोष देऊ नका. बटणाच्या आधी बसवलेले धारित्र गळके झाले असेल. त्याने अडवायला हवा तो एकदिश प्रवाह बटणातून वाहू लागला, तर स्वच्छ बटणही खरखरते. तिथे धारित्र बदलणे हाच उपाय. आणि आवाज नेमक्या एकाच जागी गडप होत असेल तर तिथली कार्बनची पट्टी झिजली आहे. तिला कोणताच द्रव परत आणणार नाही. त्याच किमतीचे नवे बटण आणून बसवा, ते काही महाग नसते.

हे सारे २५ तारखेच्या दुपारीच उरका, झेंडावंदनाच्या सकाळी नको.